पुसला गेलेला प्रश्न

"पोरी, कंपायलर वैरी नसतो गं. तू लिहिलंस तेवढंच तो ऐकतो. तुझ्या मनातलं त्याला कुठून कळणार?"

स्तोइमेनकाकांचा घोगरा आवाज. रादा नोकरीला नवी होती तेव्हाचा. काका केव्हाच निवृत्त होऊन गावी द्राक्षमळ्यात रमले होते, पण त्यांनी लिहिलेला प्रोग्राम अजून प्लोवदिवच्या या कारखान्यातल्या प्रत्येक औषधपंपात धडधडत होता.

आज त्यातला एक पंप थांबायचं नाव घेईना. चाचणीच्या टेबलावर औषधाऐवजी पाणी होतं, आणि पंप कित्येक दिवस चालू असल्यासारखा दिलेल्या औषधाच्या बेरजेचा आकडा मुद्दाम वर नेऊन ठेवला होता. ठरलेली मात्रा झाली तरी थेंब पडतच राहिले, पेला भरून सांडला. लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या जुन्या कंपायलरने प्रोग्राम बांधला की पंप थांबे, नव्याने बांधला की वाहत राही. आणि चूक शोधायला आत डोकावता यावं म्हणून नव्यानेच साधी, काटछाट न करणारी बांधणी केली, की पंप पुन्हा शहाणा.

"माझ्या सासऱ्यांसारखं आहे," तिचा धाकटा सहकारी लचेझार म्हणाला. "पाहुणे असले की दारूला शिवत नाहीत."

रादा हसली. त्याने आज बानित्सा, चीज भरलेली खुसखुशीत पोळी, आणली होती. ज्याच्या हातून बिघाड होईल त्याने सगळ्यांना बानित्सा खिलवायची, असा इथला दंडक. पण अजून कुणाचं नाव निघालंच नव्हतं.

"एवढी घाई कसली रे तुला?"

"नवा कंपायलर मीच आणला ना, ताई. शिव्या मलाच बसणार."

तिने प्रोग्रामच्या अर्ध्या फायली जुन्या कंपायलरने बांधल्या, अर्ध्या नव्याने. बिघडलेलं अर्धं पुन्हा अर्धं केलं. सुपातले दाणे पाखडत जावेत आणि शेवटी खडा तेवढा उरावा, तशी एक ओळ उरली. काकांची.

पंप बंद न करता फार दिवस चालला, की दिलेल्या औषधाची बेरीज मावेनाशी होते आणि आकडा उलटून शून्याखाली जातो. मग पंपाला वाटतं, अजून काही दिलंच नाही. म्हणून काकांनी विचारलं होतं : भर घालूनही बेरीज आधीपेक्षा कमी झाली का? झाली असेल तर थांब. नव्या कंपायलरने ते वाचलं आणि प्रोग्रामच्या भाषेच्या नियमाला धरून ठरवलं, की भर घातल्यावर बेरीज कमी होऊच शकत नाही. मग हा प्रश्न हवा कशाला? त्याने तो पुसून टाकला.

रादाला काका चुकले म्हणवेना, कंपायलर चुकला म्हणता येईना.

"सापडलं ना? मग तोंड का पाडून बसलीस?" विभागप्रमुख कालिनाबाई दारातूनच म्हणाल्या. "प्रश्न नीट लिही नि मोकळी हो. नव्याने बांधलेला एकही पंप बाहेर गेलेला नाही, देवाची कृपा."

रादाने मान डोलावली. लचेझारने डोलावली नाही. तो सांडलेलं पाणी पुसत होता. टेबल कोरडं झालं तरी पुसतच होता.

"लचेझार," ती हळूच म्हणाली, "माझ्याकडे बघ."

"लहान पंपाच्या मेमरीत प्रोग्राम मावत नव्हता, ताई." तो फडक्याकडे बघतच म्हणाला. "जुन्याने काही केल्या मावेना. नव्याने बारीक झाला. नेहमीच्या छोट्या चाचण्या सगळ्या पार पडल्या, म्हणून मी कुणाला बोललो नाही."

"कुठे गेले ते पंप?"

"वसंतात गेले. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात. तिथे ते कधी बंदच करत नाहीत."