गार हात

दादाने बाही वर सरकवली आणि लुळा उजवा हात माझ्यापुढे उशीवर ठेवला. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला द्यावी तसा.

जिन्यावरून पडल्यापासून त्याचे मनगट उचलले जात नव्हते. अंथरुणाला खिळलेल्या बाबांना उठवणे, कूस बदलणे, अंघोळ घालणे तेव्हापासून माझ्याकडे आले. परगावच्या शिक्षणासाठी माझी निवड झाली होती. ती मी कुणाला न सांगता मनातच मिटवून टाकली. नसा तपासणे हे माझेच काम, तरी दादा ही तपासणी टाळत आला होता. आज वहिनीने त्याला माझ्या दवाखान्यात ओढून आणले आणि ती बाहेर बसली.

“शॉक हळू दे रे. लहानपणी बदडलं त्याचा सूड उगवू नकोस.”

“सूड घ्यायचा असता तर डॉक्टरांना बोलावलं असतं. त्यांच्याकडे सुई असते.”

पडद्यावरची लाट उशिरा उठली. नस मंद होती. लाज वाटावी इतके मला हायसे वाटले: दादा खरा होता.

मग त्याच्या बोटांना माझा हात लागला. ती बर्फासारखी होती. गार हाताची नस मंदच चालते. आधी हात उबदार करायचा, हा आमचा पहिला धडा. उतावीळपणे मी तोच विसरलो होतो.

“राहू दे ना, आलं की मशीनवर,” दादा म्हणाला.

मी गरम पाण्याची पिशवी त्याच्या हाताखाली ठेवली, वर टॉवेल गुंडाळला आणि वाट पाहिली. पुन्हा शॉक दिला तेव्हा लाट वेळेवर आली, भरघोस आली. प्रत्येक शॉकसरशी मनगट ताडकन उठत होते.

“नस धडधाकट आहे, दादा.”

त्याने नजर छताकडे वळवली. “सुरुवातीला खरंच उचलत नव्हता.”

“मग?”

“मग हळूहळू जोर आला. पण तोवर तू सगळं इतकं छान निभावत होतास. आणि तू गेला असतास तर बाबा माझ्या एकट्याच्या गळ्यात.”

म्हणजे माझ्या जाण्याचे त्याला ठाऊक होते. मी उराशी जपलेला एकुलता एक त्याग त्याने कधीचाच वापरायला काढला होता.

“हिला सांगू नकोस,” तो म्हणाला, आणि दंडावरचे शॉकसाठी लावलेले चिकट मलम मी पुसावे म्हणून हात तसाच लुळा पुढे धरून राहिला.

मी कापूस उशीवर ठेवला.

“तूच पूस. आज बाबांना तूच उठवायचंस.”

आणि वहिनीला आत बोलावण्यासाठी मी दार उघडले.