भाषेचा आडोसा

कलावतीबाई जर्मन शिकायला लागल्या त्या हौसेने नव्हे, चिडून. सहा वर्षांचा आर्यन रविवारी व्हिडिओ कॉलवर "हालो, आजी" म्हणायचा की पसार. मराठीचा एक शब्द तोंडातून निघेल तर शपथ! मुलगा सुशांत आणि सून शिवानी, दोघंही डोंबिवलीत वाढलेली, पण तिकडे जर्मनीत पोराशी जर्मनच बोलायची. "शाळेत गोंधळतो गं तो," हे सुशांतचं ठरलेलं उत्तर. शेवटी बाईंनी पदर खोचला. नातू आपल्याकडे येत नाही, तर आपण त्याच्याकडे जायचं.

शहाडहून भाची रसिका आली आणि टीव्हीवर एक जर्मन मालिका लावून देऊन गेली. हॉस्पिटलची. खाली इंग्रजी अक्षरं यायची. "आत्या, रोज बघ. कानावर पडत राहिलं की आपोआप येतं." बाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली, कान तयारच होता. दुपारी जेवणं आटोपली की त्या टीव्हीसमोर बसायच्या. "या वयात डॉक्टर होतेस की काय?" बाईंचे यजमान सहदेवराव पेपराआडून चिडवायचे. अशी बाईंची जर्मन इस्पितळातच जन्माला आली. पाव किलो टोमॅटो कसे मागायचे ते ठाऊक नाही, पण रक्तदाब उतरतोय, भूल द्या, टाके घाला, हे सगळं घडाघडा समजायचं. तिकडे कुणाला पत्ता नव्हता. मे महिन्यात जायचं आणि विमानतळावरच नातवाला चकित करायचं, असा बेत होता.

सुशांत-शिवानीची एक खोड होती. आईच्या कानावर घालायचं नसलं की दोघं जर्मनमध्ये कुजबुजायची. बाईंना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. सुशांत लहान असताना त्या नि सहदेवराव त्याच्यासमोर च-च्या भाषेत बोलत, तसंच हे. घर म्हटलं की एवढा आडोसा लागतोच.

त्या रविवारी पोह्यांची बशी हातात घेऊन त्या बोलत होत्या. मध्येच शिवानी हलक्या आवाजात काहीतरी म्हणाली आणि त्यात बाईंना 'हेर्त्स' ऐकू आलं. मग 'ओपेरात्सिओन'. मग 'फ्रायटाग'. सुशांत कॅमेऱ्याकडे बघून हसतच होता. हसता हसताच तो बायकोला म्हणाला, "झाग्स ईअर निश्ट."

तिला सांगू नकोस.

हृदय. ऑपरेशन. शुक्रवार. बाईंनी बशी खाली ठेवली. मागे सोफ्यावर आर्यन लोकरीची टोपी घालून पडला होता. घरात टोपी कशाला? आणि हे वारं प्यायलेलं पोर आज इतकं गप्प का?

"काय गं आई, पोहे खारट झालेत का?" सुशांतने विचारलं.

"जरासे," बाई म्हणाल्या.

विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, याचीच भीती. शिवाय शेजारी सहदेवराव बसलेले. दिवाळीत त्यांचा रक्तदाब असा चढला होता की नौपाड्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना धक्का बसेल असं काही सांगू नका. मग बाईंनीही तोंडाला कुलूप घातलं. लेकाने आईपासून लपवलं, आईने नवऱ्यापासून.

मालिका आता बघवेना आणि बंदही करवेना. स्ट्रेचरवर कुणीही असलं तरी बाईंना टोपीतला आर्यनच दिसायचा. ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडलं की डॉक्टर मान हलवतात का, इकडेच सगळा जीव. एखादा रोगी वाचायचा, एखाद्याच्या तोंडावर चादर ओढली जायची. त्या वेळी काय बोलतात तेही बाईंना आता पाठ झालं होतं. ते शिकले नसते तर बरं, असं त्यांना मनापासून वाटायचं.

बुधवारी संध्याकाळी अचानक सुशांतचा फोन आला. "सहज केला गं." सहज! रविवारखेरीज त्याचा फोन कधी आला होता? सहदेवराव आंघोळीला गेले होते. तेवढ्यात तिकडे दारावरची बेल वाजली आणि सुशांत फोन आर्यनच्या हातात देऊन उठला.

"हालो, आजी," आर्यन म्हणाला आणि निघालाच.

"आर्यन!" बाईंचा आवाज चिरकला. "वेअर इस्ट क्रांक?" कोण आजारी आहे रे?

पोर थबकलं. आजी आपल्यासारखं बोलली! त्याने फोन नाकाशी आणला, दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "पापा. दास हेर्त्स."

आर्यन नाही. बाईंना सुटल्यासारखं झालं आणि पुढच्याच क्षणी त्या सुटकेची त्यांना लाज वाटली. पापा म्हणजे त्यांचा सुशांत.

आर्यनला आता कंठ फुटला होता. तो भराभर बोलत सुटला. निम्मं बाईंच्या डोक्यावरून गेलं, पण निम्मं नेमकं कळलं. ममा-पापा स्वयंपाकघरात मराठी बोलतात. मला कळू नये म्हणून बोलतात. ममा रडते. पापा सारखं एकच म्हणतो, ते मी लक्षात ठेवलंय. मग एकेक अक्षर सांभाळत, पाठ केलेलं म्हणावं तसं त्याने म्हटलं, "मी वाचलो नाही तर."

नातवाच्या तोंडून मराठी ऐकायला बाई वर्षभर आसुसल्या होत्या.

"आजी, वास हाइस्ट दास?" म्हणजे काय?

त्या मराठी वाक्याचं जर्मन बाईंना येत होतं. मालिकेत ते रोज कुणी ना कुणी म्हणायचं. पण जीभ वळेना. आणि खोटंही बोलवेना, कारण पोर डोळे रोखून बघत होतं.

"पापा हाट आंग्स्ट," त्या म्हणाल्या. पापाला भीती वाटतेय.

आर्यनने मान हलवली. "इश आउख." मलाही.

"इश आउख," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

मग त्या वळल्या आणि न्हाणीघराकडे तोंड करून ओरडल्या, "अहो, बाहेर या आधी!"

"अगं, ओला आहे मी!"

"टॉवेल गुंडाळून या. सुशांतला आपली गरज आहे."

फोनवर सुशांत परतला. चेहऱ्यावर तेच हसू. "काय, पळाला ना तुझा नातू?"

"नाही पळाला. त्याला मांडीवर घे आणि शिवानीला बोलाव," बाई म्हणाल्या. "शुक्रवारचं काय ते सांग. आर्यनला कळेल अशा भाषेत सांग. मला कळतं."