हवेतून आलेला मासा

कॅनडातल्या थंडर बे गावच्या त्या हिवाळ्यात सिनिक्काने नोकरी सांभाळून एक खेळ लिहिला होता. गोठलेल्या तळ्याला भोक पाडायचं, गळ सोडायचा, मासा धरायचा. कॉम्प्युटरवर तो चालायचा, पण तिला तो हवा होता आपल्या दोन पडद्यांच्या, हातात मावणाऱ्या गेम-यंत्रावर. लॅपटॉपवरून यंत्रावर बिनतारी खेळ पाठवता यायचा. मात्र यंत्र भारी मानी. कंपनीची मोहोर नसलेलं काही आलं की तोंड फिरवायचं. त्यावर उपाय एकच, यंत्राच्या पोटातला मूळ प्रोग्रॅमच बदलून टाकायचा.

नवा प्रोग्रॅम भरलेली, यंत्रात खुपसायची कार्ट्रिज एका मित्राकडून मिळाली, तशी ती थेट थोरल्या बहिणीच्या घरी धावली. ईर्मा दातांच्या दवाखान्यात कामाला होती. लोकांच्या दाढांमधून बारीक हत्यारं फिरवणारा तिचा हात जराही हलत नसे.

सिनिक्काने बॅटरीचं झाकण काढून कडेचं भोक दाखवलं. आत धातूचे दोन इवले ठिपके होते. ते एकमेकांना जोडलेले असतील तोवरच यंत्र आपला मूळ प्रोग्रॅम बदलू द्यायचं.

"स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दोन्ही एकदम दाबून धर. मी सांगेपर्यंत उचलायचं नाही."

"आणि उचललं तर?"

"यंत्राचा दगड होईल. पुन्हा सुरूच होणार नाही."

"मग मला कशाला गं घालतेस यात?"

"तुझा हात हलत नाही म्हणून!" सिनिक्काने स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात कोंबला, कार्ट्रिज खुपसली आणि यंत्र चालू केलं.

ईर्माने टोक टेकवलं. पडद्यावरचे आकडे चढू लागले. निम्मं काम झालं असेल नसेल, तोच ओव्हनची घंटा खणखणली. ईर्माने पुला, म्हणजे वेलची घातलेला गोड फिनिश पाव, भाजायला ठेवला होता. वेलचीचा वास दरवळत होता, त्यात करपल्याचा वास मिसळायला लागला.

"सिनिक्का, माझा पाव!"

"करपू दे! हलू नकोस!"

"मी कुठे हलतेय? तुझे दोन्ही हात मोकळे आहेत ना, बावळट!"

सिनिक्का पडद्याकडे बघत बघतच उलटी पळाली, ओव्हन बंद केला आणि खुर्चीला धडकून परत आली. आकडे शंभरावर पोचले.

"उचल!"

यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. पडदा उजळला! सिनिक्काने लॅपटॉपवरून खेळ सोडला. मध्ये ना तार, ना काही. यंत्रावर तिच्या खेळाचं नाव उमटलं, पट्टी भरत गेली आणि पांढरं तळं समोर आलं. तिने नुकतंच काढलेलं, तिचं स्वतःचं तळं.

"आला! अगं, हवेतून आला!" ती किंचाळली.

ईर्माने गळ सोडला. मासा आला, पण पोट वर करून.

"हा तर मेलाय."

"जिवंत आहे! पोहतोय बघ! चित्र उलटं लागलंय फक्त." सिनिक्का हसत, डोळे पुसत कीबोर्डवर तुटून पडली. एक ओळ बदलली, खेळ पुन्हा पाठवला. या वेळी मासा सरळ पोहत आला आणि ईर्माच्या गळाला लागला.

"धरला!" ईर्मा टेबलावर थाप मारून ओरडली.

"आण इकडे, माझी पाळी."

"थांब गं, दुसरा मोठा येतोय."

करपलेला पुला तसाच तोडून खात सिनिक्का तिच्या खांद्यावरून पडद्यात डोकावत राहिली.