चार लाल झेंड्या

मी एक जुनी मोजणीची साखळी आहे, मित्रांनो. शंभर फूट लांब, शंभर कड्यांची, दर दहा कड्यांना पितळी खूण. आज सोलापूरच्या कचेरीत खिळ्याला लटकले आहे म्हणून हसू नका. एके काळी मी पुढे आणि रस्ता माझ्या मागे, असा थाट होता माझा!

भट्टीतून निघाले ती थेट ओव्हरसियर कमलाकरपंतांच्या हाती आले. ते रोज मला तेल लावत आणि म्हणत, "ही माझी थोरली लेक." मी कशी मिरवत असेन, सांगा बरं!

१९२९च्या उन्हाळ्यात आम्ही केम स्टेशनजवळच्या एका वाडीत गेलो. वाडी आणि स्टेशन यांच्या मध्ये ओढा. पावसाळ्यात तो फुगला की ना बाजार, ना शाळा, ना दवाखाना. पंतांनी रस्त्यासाठी चार लाल झेंड्या रोवल्या. जेवून, तासभर पडून येतो तर चारही गायब!

पंत तापले. "यांना रस्ता नकोच दिसतोय! चारच्या गाडीने कचेरीला तसं कळवतो. जाऊ दे रस्ता दुसऱ्या गावाला." एवढ्या उन्हात माझ्या कड्या गार पडल्या.

इतक्यात वाडीची सुईण गोजाबाई पाणी घेऊन आली. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "रावसाब, हिनं रानं मोजून सारा वाढवणार की तुमी?"

"शेतसारा कसला? रस्ता होणार आहे. ओढ्यावर मोरी, म्हणजे छोटा पूल, बांधायची आहे."

गोजाबाई मटकन खाली बसली. "अगं बया! गेल्या श्रावणात पल्याड बाई अडली हुती. वाचली बिचारी, पर मी काठावर नुसती वरडत हुते. आन् तुमच्या झेंड्या मीच उपटल्या की वो!"

"मग द्या परत. चारच्या गाडीने मोजणी कचेरीला धाडायची आहे."

"कुटनं देऊ? बारक्यांची टोपडी शिवली त्यांची!"

गोजाबाईने पदर खोचला आणि वाडीकडे धाव घेतली. थोड्याच वेळात चार लेकुरवाळ्या आल्या. कडेवरच्या चारही पोरांच्या डोक्यावर लाल टोपडी! झेंड्यांचे खड्डे शोधून चौघी त्यांवर उभ्या राहिल्या. आमच्या मोजणीवरच्या सोमलिंग गड्याने मला ताणलं. एका पोराने माझी पितळी खूण तोंडात घातली. हा मान दुसऱ्या कुठल्या साखळीला मिळाला असेल?

पंत मोरीखालून पाणी जायला दोन गाळे लिहू लागले, तशी गोजाबाई म्हणाली, "दोन न्हाय पुरायचे. पाणी पार त्या बाभळीला लागतंय. चाळीस वर्सं बघतीय मी." पंतांनी मला बाभळीपर्यंत नेलं आणि पाच गाळे लिहिले.

दोन वर्षांनी श्रावणात पाणी खरोखरच बाभळीला टेकलं. आम्ही पुढच्या मोजणीला आलो होतो. गोजाबाई मोरीवरून कोरड्या पायांनी परत येत होती. "पोरगी झाली!" ती लांबूनच ओरडली. मला तर नाचावंसं वाटलं.

पुढे पंत निवृत्त झाले, मोजायला नव्या फिती आल्या, आणि माझ्यावर गंज चढू लागला. मित्रांनो, कधी इकडे आलात तर मला थेंबभर तेल लावा. आणि तुमच्यापैकी कोणी मोठेपणी रस्ता आखलाच, तर झेंडी रोवण्याआधी ती कशासाठी, हे गावाला सांगा. फडकं मात्र जरा मोठंच घ्या, टोपडं निघेल एवढं.