एक जास्तीचे भोक

मित्रांनो, मी एक जुनी जाळी आहे. खिडकीची नव्हे, मासे उचलायची. एक गोल कडी, तिला लांब दांडी आणि कडीखाली लोंबणारी नायलॉनची पिशवी, एवढाच माझा संसार. गळाला लागलेला मासा होडीजवळ आला की माझी पिशवी पाण्यात त्याच्याखाली सरकवायची आणि अलगद वर घ्यायची, यासाठी माझा जन्म. माझ्या अंगावरची भोके मोजायला बसलात तर संध्याकाळ होईल. पण त्यांत एक भोक जास्तीचे होते, आणि त्या एका भोकापायी मी वर्षानुवर्षे तोंड लपवून लटकत राहिले.

मला एका लहानशा कारखान्यात विणले गेले. विणणाऱ्या बाईला त्या दिवशी सर्दी झाली होती. ती शिंकायची, नाक पुसायची आणि पुन्हा गाठ मारायची. पण प्रत्येक गाठ ओढून पाहिल्याशिवाय तिने पुढची मारली नाही. "हिच्यात दगड भरले तरी तुटायची नाही," असे ती शेजारणीला म्हणाली. पुढे जे झाले ते आठवले की मला सर्वांत आधी तिची लाज वाटते.

दुकानातून मला नानांनी आणले. नानांचे रस्त्याच्या कोपऱ्यावर चष्म्याचे दुकान होते. आठवडाभर ते लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगे धरून "आता बरं दिसतंय की मघाशी?" असे विचारत आणि रविवारी घरच्यांना घेऊन तळ्यावर जात. होडी त्यांची आणि पोस्टमास्तरांची, अर्धी अर्धी. पोस्टमास्तर म्हणजे त्यांचे शाळेपासूनचे मित्र. दोघांनाही मासेमारीचे भारी वेड होते. गळाच्या काठ्या होत्या, टोप्या होत्या, आमिषाचे डबे होते, सगळे होते. मासे तेवढे नव्हते.

मिळालाच तर बोटाएवढा मासा मिळे. त्याला जाळी कशाला हवी? नाना त्याला चिमटीत धरून बघत आणि "जा, मोठा होऊन ये," असे म्हणून पाण्यात सोडून देत. एकही मोठा होऊन आला नाही. मग मला काय काम? पोस्टमास्तरांची टोपी वाऱ्याने उडाली की ती काढायची. नानांच्या बायकोच्या, म्हणजे आईंच्या, हातून थर्मासचे झाकण निसटले की ते काढायचे. एकदा शेजारच्या होडीतल्या गृहस्थांनी ओरडून विचारले, "काय नाना, यंदा टोप्या कशा लागतायत?" सगळे हसले, नानाही हसले. मला मात्र पाण्यात बुडी मारून बसावेसे वाटले. पण बुडी मारायलाही कोणीतरी दांडी धरावी लागते.

आता त्या भोकाची जन्मकथा ऐका. नानांना दोन मुले. मोठी ताई आणि धाकटा छोटू. आज छोटूला मिशा आहेत, पण नाव तेच राहिले आहे. तेव्हा तो कॉलेजात होता. एके दिवशी त्याचा चेंडू गॅरेजच्या पत्र्यावर अडकला. त्याने मला भिंतीवरून काढले आणि चेंडू ओढायला वर घातले. चेंडू आला, पण पत्र्याच्या खिळ्यात माझी पिशवी अडकली. दोन मिनिटे शिडीवर चढून ती सोडवता आली असती. छोटूने हिसका दिला. माझ्या पिशवीच्या अगदी तळाशी हाताचा पंजा जाईल एवढे भोक पडले.

तो घाबरला. मी नानांची लाडकी होते, भले टोप्या का पकडेना. त्याने आईंच्या शिवणाच्या डब्यातून लाल दोरा आणला आणि फाटका मोजा शिवावा तसे ते भोक कसेबसे शिवले. मग मला टांगताना माझ्याकडे बघून म्हणाला, "चालेल. मासा लागतोय कुठे आपल्याला!"

त्याचे म्हणणे तेव्हा मलाही पटले. टोपीला तो दोरा पुरला असता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ताईचे लग्न झाले. जावई शाळेत भूगोल शिकवत. बोलणे अगदी मोजके. नानांना बोलकी माणसे आवडत. "माणूस चांगला असेलही," ते पोस्टमास्तरांना म्हणत, "पण तोंड उघडल्याशिवाय कळणार कसं?" लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी त्यांनी जावयांना होडीत बसवले. ताई सकाळपासून हरखली होती. आपल्या माणसाची आणि वडिलांची आज गट्टी जमणार, अशी तिची खात्री होती.

नानांनी मला दोन्ही हातांनी जावयांच्या मांडीवर ठेवले. "जावईबापू, जाळी तुमच्याकडे. मानाचं काम आहे."

"मानाचं आणि आरामाचं!" पोस्टमास्तर म्हणाले. होडी हसून हलली.

आणि मित्रांनो, त्याच दिवशी मासा लागला.

नानांची काठी वाकली ती पाण्याला टेकेपर्यंत वाकली. नाना उभे राहिले. आई "बसा, बसा, पडाल!" म्हणून त्यांचा सदरा धरून ओढू लागल्या. पोस्टमास्तर उगाचच वल्ही मारू लागले. बऱ्याच ओढाताणीनंतर पाण्याखाली एक मोठी रुपेरी कूस चमकली आणि नाना ओरडले, "जाळी! जावईबापू, जाळी!"

जावयांनी घाई केली नाही. मला माशाच्या खाली नीट सरकवले आणि वर उचलले. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पिशवीत मासा आला. काय त्याचे वजन! काय ती तडफड! आपण कशासाठी विणले गेलो ते त्या क्षणी मला समजले. मासा जाळीत शिरलेला पाहताच नानांनी काठी खाली टाकली आणि दोन्ही हात वर केले. दोरीचा ताण गेला, गळ सुटला आणि आता त्या माशाला धरणारी मी एकटीच उरले.

लाल दोरा तटकन तुटला. मासा माझ्या तळातून निसटला आणि पाण्यात दिसेनासा झाला.

कोणालाच काही कळले नाही. नानांचे हात अजून वरच होते. मग ते खाली आले आणि नाना म्हणाले, "एकच काम दिलं होतं हो तुम्हाला. एकच!"

जावयांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना भोक दिसले, लोंबणारा लाल दोराही दिसला. मग त्यांनी वर पाहिले. समोर छोटू बसला होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. जावयांनी भोकावर मूठ आवळली आणि म्हणाले, "माझाच हात तिरका झाला."

मी छोटूकडे बघत होते. बोल रे, बोल, असे मनात म्हणत होते. छोटू पाण्याकडे बघू लागला. ताईने मान खाली घातली. तिला आपल्या नवऱ्याची लाज वाटत होती, आणि मला तिच्या त्या लाजेची लाज वाटत होती. जावयांनी मला दांडीभोवती घट्ट गुंडाळले, भोक आत घेतले आणि वरून दोरीने बांधून टाकले.

त्यानंतर माझी दोरी कोणी सोडलीच नाही. टोप्या काढायलाही नाही, कारण नानांचे माझ्याकडे बघायचे मनच उरले नाही. मी गॅरेजात खिळ्याला लटकत राहिले. दाराआडून घरातले बोलणे ऐकू येई. ती गोष्ट पोस्टमास्तरांनी किती जणांना सांगितली असेल, देव जाणे. प्रत्येक वेळी मासा वाढत गेला. ज्याला माझ्यात एकट्याला राहायला जागा पुरली होती, तो मासा पुढे पुढे होडीत मावेना. "एकच काम दिलं होतं!" हे तर घरातले वाक्यच झाले. जावयांच्या हातून चहा सांडला, एकच काम दिलं होतं. दिवा लावताना भलतेच बटण दाबले गेले, एकच काम दिलं होतं. सगळे हसत. जावईही हसत. मग हळूहळू रविवारी त्यांना शाळेची कामे निघू लागली. मग ताईलाही जमेना. आई दर रविवारी दोन ताटे जास्त मांडत आणि नंतर उचलून ठेवत.

छोटू गाडी काढायला येई तेव्हा माझ्याकडे पाठ करून दार उघडे. मी त्याला दोष देत नाही. मीही त्याच्याकडे बघत नसे.

अशी वर्षे गेली. ताईची मुलगी शाळेत जाऊ लागली. तिने वर्गात सांगून टाकले की माझे आजोबा मोठमोठे मासे पकडतात. आता ते बघितल्याशिवाय ती कोणाचे ऐकणार? शेवटी एका रविवारी सगळे तळ्यावर आले. पोस्टमास्तरांचे गुडघे दुखत होते म्हणून ते घरी राहिले. नानांनी कसे कोण जाणे, मला खिळ्यावरून काढून होडीत टाकले. जावई एका टोकाला बसले, छोटू दुसऱ्या.

मासा अर्थातच लागला नाही. नात कंटाळून पाय बाहेर सोडून बसली आणि तिच्या पायातला बूट पाण्यात पडला. निळा होता, नवाकोरा. तो तरंगत दूर जाऊ लागला.

जावयांनी माझ्याकडे हात पुढे केला, तेवढ्यात नाना म्हणाले, "राहू द्या. हे काम मीच करतो. उगाच पुन्हा हात तिरका व्हायचा."

जावयांनी हात मागे घेतला. नानांनी माझ्यावरच्या दोरीच्या गाठी सोडल्या. नको हो नाना, असे मला ओरडायचे होते. नानांनी मोठ्या ऐटीत बूट उचलला आणि सगळ्यांना दिसावा म्हणून मला उंच धरले. "बघा! अशी धरायची असते जाळी!"

बूट माझ्या तळातून निसटला, डुबुक करून पाण्यात पडला आणि या वेळी बुडाला.

"आजोबा," नात म्हणाली, "जाळीला भोक आहे."

नानांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि मला अगदी जवळ घेतले. लोकांना अक्षर न् अक्षर वाचायला लावणारा माणूस माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघत होता. लाल दोऱ्याची टोके अजून लोंबत होती. आईंनी एक टोक बोटांत धरले. "हा माझ्या डब्यातला दोरा," त्या हळूच म्हणाल्या. त्यांनी कोणाकडेही पाहिले नाही.

"मी फाडली होती," छोटू म्हणाला. "त्या दिवशीच्या आधी. माशाचं… भाऊजींचा हात तिरका नव्हता झाला, नाना."

नाना जावयांकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"पहिलाच दिवस होता. घरात पाऊल ठेवल्या ठेवल्या घरच्या पोराला कुठे उघडं पाडायचं? नंतर सांगणार होतो. पण तुम्ही ती गोष्ट इतक्यांदा सांगितलीत, आणि इतकी रंगवून, की मग मध्येच थांबवायची मलाच लाज वाटायला लागली."

"मलासुद्धा नाही सांगितलंत," ताई म्हणाली. "मी त्या दिवशी घरी येऊन तुमच्याशी बोलले नव्हते."

"तुला सांगितलं असतं तर तू इथे येऊन भांडली असतीस."

"भांडलेच असते!" असे म्हणून ताई रडू लागली.

परतीच्या वाटेवर नाना मला मांडीवर घेऊन बसले होते आणि भोकात बोट घालून ते फिरवत होते. धक्क्याला होडी लागली तरी उठले नाहीत. मग म्हणाले, "काठी तर मी टाकली होती. ताण माझा सुटला होता. ते कुणी सांगितलंच नाही." आणि जावयांपुढे त्यांनी हात जोडले. जावयांनी गडबडीने ते हात धरले, पण नानांची मान काही लवकर वर आली नाही. नात एका बुटावर लंगडी घालत घराकडे निघाली होती.

संध्याकाळी नाना पोस्टमास्तरांकडे जाऊन ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगून आले. आई सोबत होत्या. त्या सांगत होत्या की या वेळी मासा दोन वितींचाच होता.

छोटूने मला नायलॉनच्या दोरीने शिवले. गाठ मारायची, ओढून बघायची, मग पुढची. त्या सर्दीवाल्या बाईने पाहिले असते तर नाक मुरडले असते, कारण ठिगळ वेडेवाकडे आहे. पण ते धरते.

मित्रांनो, वस्तू आहे, ती फाटायचीच. तुमच्याही हातून काही फाटेल. तेव्हा एवढे करा, त्याच दिवशी घरात सांगून टाका. त्या दिवशी ते भोक पंजाएवढेच असते. लाल दोऱ्याने झाकलेत तर त्यातून मासा जातोच, मागोमाग माणसेही जातात. आणि कोणाच्या हातून काही निसटले, तर त्याला बोल लावण्याआधी जाळी एकदा उजेडात धरून बघा. नुसते ओशाळून लटकत राहण्याचा उपयोग नसतो, हे मी लटकून लटकून शिकले आहे.

आता रविवारी काठी जावयांच्या हातात असते आणि मला नाना धरतात. मासा अजून लागलेला नाही. नाना फारसे बोलत नाहीत, पाण्याकडे बघत बसतात. परवा नातीने त्यांच्या गुडघ्यावर चापट मारून त्यांना बजावले, "आजोबा, नीट धरा हं. एकच काम दिलंय तुम्हाला!"

होडीत कोणी हसले नाही. सगळे नानांकडे बघू लागले.

"हो गं बाई," नाना म्हणाले, "एकच." आणि त्यांनी माझी दांडी दोन्ही हातांनी धरली.