दहावी ओळ

धाकट्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षी गवंडी इंग्रजीच्या वर्गात जाऊ लागला. वय त्रेसष्ट. आपली अक्षरंही तो पन्नाशीनंतर शिकलेला, सिमेंटच्या पोत्यांवरून. वर्ग वाचनालयाच्या माडीवर, दुपारी चार ते पाच. बाकीचे त्याच्या निम्म्या वयाचे. बाकावरही तो भिंतीची उभी सरळ रेघ तपासायच्या दोरीसारखा ताठ बसायचा, म्हणून ते त्याला ‘ओळंबा’ म्हणत.

बाईंनी एका पोस्टमनवरचा छोटा लेख वाचून दाखवला. दहा ओळींचा. पहिल्या ओळीत तो कोण, मधे त्याचं काम, शेवटी तो कधी वारला.

"आता असाच तुमच्या माणसावर लिहा," बाई म्हणाल्या, "पेनानं. चांगले लेख खाली भिंतीवर लावू."

माणूस ठरलेलाच होता. अक्का. आईबाप गेल्यावर तिनेच विटा वाहून त्याला वाढवलं, आणि वर्गात नावही तिनेच घातलं होतं.

भिंत बांधताना आधी दोन्ही टोकांचे कोपरे उभे करायचे, दोरी ताणायची, मग मधल्या विटा भरायच्या. हयातभर हेच केलेलं. वहीतही त्याने तेच केलं. पहिली ओळ लिहिली, आठ रेघा सोडल्या आणि दहावी लिहिली. पोस्टमनच्या जागी बहीण घातली, आणि खिडकीला सोडतात तशी तारखेला जागा सोडली. माझी बहीण अमुक तारखेला वारली. वरच्या थराशिवाय भिंत पुरी होते का कुठे?

मधल्या ओळी भरायला चार दिवस गेले. पाचव्या दिवशी अक्काला दवाखान्यात ठेवलं. पोटात गाठ होती. ऑपरेशन शुक्रवारी.

घरी येऊन त्याने वही उघडली आणि दहावी ओळ वाचली. जित्या माणसाचं मरण आपण आपल्या हाताने लिहून ठेवलं! वर तारखेला जागाही करून दिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ओळ खोडावी, तर पेन अक्काच्या अंगावर फिरवल्यासारखं वाटे. पान फाडावं, तर अख्खी अक्काच फाटणार. दोन दिवस वही तशीच पडून राहिली.

गुरुवारी दुपारी तो भेटायला गेला. अक्का उशीला टेकून बसली होती.

"आणलास माझा लेख? आज ऐकवलास तर ऐकवलास. उद्या मी बेशुद्ध असेन."

"बरी झालीस की वाचू गं."

"चष्मा विसरलास, का हिंमत?"

तो वाचू लागला. एक ओळ इंग्रजीत, मग तिचा अर्थ. अक्काला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. नववी ओळ संपताच त्याने वही मिटायला घेतली, तर तिने मधे बोट घातलं. तीस वर्षं थर मोजून विटा पुरवलेली बाई ती.

"थर दहा दिसतात. तू नऊच सांगितलेस."

"ते बाईंचं काहीतरी आहे."

"लबाडी करताना तू कान खाजवतोस. आत्ता हात कुठंय?"

हात कानावरून खाली आला. त्याने अर्थ सांगितला. शेजारच्या खाटेवरच्या बाईने कूस बदलली.

अक्काने वही स्वतःकडे ओढली.

"म्हणजे मला पोचवून मोकळा झालास म्हण की!" ती पोट धरून हसली आणि दुखलं तशी थांबली. "तारीख?"

"नाही घातली."

"मग घाई कसली? पण नऊ ओळींत आटपलंस मला? तुझ्या हातात पहिली थापी कोणी दिली? ते कुठंय?"

"पानावर जागा नाही."

"चिठ्ठी जोड. मधे थर वाढव, मेल्या. वरचा थर जाईल वर."

शुक्रवारी ऑपरेशन साडेतीन तास चाललं. बाहेरच्या बाकावर मांडीवर वही घेऊन तो कोऱ्या चिठ्ठीवर ओळी रचत बसला. डावा तळहात दहाव्या ओळीवर गच्च दाबलेला. थापीची ओळ त्याने दोनदा लिहिली. डॉक्टर बाहेर आले तेव्हाही तळहात तिथेच होता.

"ठीक आहेत," डॉक्टर म्हणाले.

लेख भिंतीवर लागला नाही. लांबला फार, बाई म्हणाल्या. घरी तो आणखी लांबला. दर महिन्याला अक्का एखादी चूक काढी आणि एक चिठ्ठी वाढे.

तारखेची जागा भरायला सहा वर्षं लागली. अक्का अकरा मार्चला, मंगळवारी दुपारी वारली.