ड्रॅगनसमोर पडलेला एक

अक्रोडाच्या लाकडाचा, सहा तोंडांचा मी एक जुना फासा आहे. माझे कोपरे आता गोल झाले आहेत आणि टेबलावर सोडलं तर मी पूर्वीपेक्षा जरा लांब घरंगळतो.

मित्रांनो, माझा जन्म बल्गेरियातल्या त्र्याव्ना गावात झाला. स्तामेन आजोबा लाकडावर कोरीवकाम करत. एका दरवाजातून उरलेल्या तुकड्यातून त्यांनी मला कापलं, घासलं आणि तापलेल्या तारेनं माझे ठिपके पाडले. सहा ठिपक्यांची बाजू हलकी होते, म्हणून तोल साधायला तिच्या समोरचा एकचा ठिपका त्यांनी मुद्दाम खोल केला. मग नातीच्या, दारिनाच्या हातावर मला ठेवून ते म्हणाले, "घे. हा कुणाच्या बाजूचा नाही."

त्या काळी मुलांना खेळपुस्तकांचं वेड होतं. त्यात वाचणाराच योद्धा असे. प्रत्येक उताऱ्याला क्रमांक असे. लढाई आली की फासा टाकायचा आणि तो सांगेल तो उतारा उघडायचा. दारिना आणि शेजारचा मोमचिल यांनी मिळतील तेवढी सगळी पुस्तकं वाचून काढली. मग दारिना स्वतःच लिहू लागली. तिचा ड्रॅगन डोंगरातल्या पाणवठ्यावर बसलेला असे. मोमचिल त्याच्याशी लढायला निघे आणि निकाल मी देत असे.

"झ्मेयला कशाला मारता रे?" आजोबा रंधा थांबवून विचारत. ड्रॅगनला ते झ्मेय म्हणत. "आपल्याकडे तो गारांपासून शेतं राखतो."

"आजोबा, तुमचा झ्मेय म्हणजे गावचा राखणदार. हा आग ओकतो!" दारिना म्हणे.

"ओकू दे. थंडीत बरंच आहे."

वीज गेलेल्या संध्याकाळी चुलीजवळ चीज भरलेली खुसखुशीत बानित्सा खात ते खेळत. मी पडलो की दोघांचे तेलकट हात एकदम माझ्याकडे येत. सहा पडला की मोमचिल माझा मुका घेई. इतकं प्रेम कुठल्या फाशाला मिळालं असेल?

मग मोमचिलच्या वडिलांना स्पेनमध्ये संत्र्यांच्या बागेत काम मिळालं. सगळं घर निघालं. जायच्या आदल्या दुपारी मोमचिल धावत आला.

"आज ड्रॅगन संपवायचाच. नाहीतर तिकडे गेल्यावर वाटेल, मी अर्ध्यातूनच पळालो."

दारिनानं शेवटचा उतारा समोर ठेवला. दोन किंवा जास्त पडले तर विजय. एक पडला तर योद्धा मेला.

मोमचिलनं मला मुठीत खूप वेळ हलवलं. मी टेबलावर दोनदा उलटलो आणि थांबलो. वर एक होता.

"परत टाकतो. टेबल हललं."

"नाही हललं."

"दारिना, मी उद्या चाललोय!"

"म्हणून काय झालं? नियम म्हणजे नियम."

"मग बस तुझ्या नियमांना घेऊन!" त्यानं मला चुलीजवळच्या ढलप्यांच्या टोपलीत भिरकावलं आणि दार आपटून तो गेला.

मित्रांनो, मला निवड करता येत नाही. पण ढलप्यांत पडून राहिलो तेव्हा, ती करता आली असती तर किती बरं झालं असतं, असं मला वाटलं. दारिनानं मला शोधून काढलं, खिशात टाकलं आणि ती लिहायला बसली.

सकाळी चौकात बस उभी होती. मोमचिल खिडकीशी बसला होता, तोंड फिरवून. दारिनानं काच वाजवली आणि वरच्या फटीतून एक कागद आत सरकवला. त्यानं तो मोठ्यानं वाचला: "योद्धा पडला. ड्रॅगन जवळ आला. कित्येक दिवसांत त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं. त्यानं योद्ध्याला पाणी पाजलं, पाठीवर घेतलं आणि समुद्राकडे उडाला."

"ही तर शुद्ध फसवाफसवी आहे," मोमचिल म्हणाला.

"लेखिका मी आहे."

त्यानं नाक पुसलं आणि फटीतून हात बाहेर काढला. "आण फासा. आता काय पडायला हवं?"

"काहीच नाही. या पानाला फासा लागत नाही."

बस हलली. वळणापर्यंत तो हात बाहेरच होता.

त्यानंतर मला फारसं काम उरलं नाही. घरात संगणक आला. मी बटणांच्या डब्यात गेलो आणि एकचा खोल ठिपका धुळीनं भरला. मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या खेळण्यांवरून कधीतरी फडकं फिरवा, आम्हाला तेवढं पुरतं. पण तुमचा मित्र हरून, रुसून निघाला असेल, तर माझ्याकडे बघत बसू नका. मी जे पडायचं तेच पडतो. पुढचं पान तुम्ही लिहा, आणि बस सुटायच्या आत त्याच्या हातात द्या.